एका बांबूतून धनुष्य, दोरीसकट



गोवंडीच्या आमच्या मंडळीत हंगामाच्या सणाला आदिवासी भागातून आलेल्या वस्तूंचे एक टेबल मांडतो. नाचणी, वरी, मोहाची फुले, विणलेल्या टोपल्या आणि सातपुड्यातील एक भिल्ल धनुष्य. सगळ्यांत जास्त प्रश्न या धनुष्याविषयीच येतात. "हे खरेच चालते का? याला तार कुठली लावली आहे?" तार नाही, असे सांगितले की लोक जवळ येऊन बोट लावून पाहतात. दोरीसुद्धा बांबूचीच असते. हे धनुष्य कसे बनते आणि आपल्या कार्याशी त्याचा काय संबंध आहे, हे या अंकात थोडक्यात मांडतो.

लाकूड का, शिंग का नाही?

आशियातील प्रसिद्ध धनुष्ये, म्हणजे तुर्की, मंगोल, कोरियन, ही केवळ लाकडाची नसत. आतल्या बाजूला शिंग, बाहेरच्या बाजूला जनावराचे स्नायुतंतू, मध्ये लाकूड किंवा बांबू, आणि हे सगळे सरसाने चिकटवलेले. त्यामुळे धनुष्य आखूड असूनही जोरदार होई आणि घोड्यावरून वापरता येई. पण सरसाला ओल सोसत नाही. आपल्या डोंगरातला चार महिन्यांचा पाऊस अशा धनुष्याची परीक्षा पाहील. शिवाय ते बनवायला फार वेळ आणि पैसा लागतो.

निव्वळ लाकडाच्या किंवा बांबूच्या धनुष्याला हा त्रास नाही, पण त्याची एक अट आहे. आखूड लाकूड फार वाकवले की मोडते, म्हणून धनुष्य लांब ठेवावे लागते. बांबू व लाकूड एकत्र चिकटवून केलेले जपानी धनुष्य तर दोन मीटरहून लांब असते. भिल्ल धनुष्यही म्हणूनच चांगले लांब असते.

बांबूची निवड

आपण मुंबईकर बांबू पाहतो तो परांचीला किंवा मांडवाला. धनुष्याला तसला कुठलाही बांबू चालत नाही. सातपुड्यात मानवेल जातीचा बांबू होतो. कोरड्या डोंगरउतारावर तो जवळजवळ भरीव वाढतो, आणि असाच बांबू धनुष्याला उत्तम. तो कोवळा नसावा. तीनेक वर्षे वाढलेला, सरळ आणि लांब पेरांचा असावा. पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेला बांबू टिकतो, कारण तेव्हा त्यात पिठूळ अंश कमी असतो आणि कीड लागून पीठ पडत नाही. तोडल्यावर तो सावलीत हळूहळू वाळू द्यायचा. उन्हात घाईने वाळवला तर तडकतो.

तासणे

वाळलेला बांबू उभा चिरून त्याची जाड पट्टी घेतात. मराठीत बांबूच्या चिरलेल्या पट्टीला आपण कामटी म्हणतो. भिल्लांच्या धनुष्याचे नाव कामठी. दोन शब्द किती जवळचे आहेत पाहा.

बांबूच्या सालीलगत धागे दाट असतात आणि आत जावे तसे विरळ होतात. म्हणून सालीची बाजू कापायची नाही, तासायचे ते आतून. मधली मूठ जाड ठेवायची आणि दोन्ही हात टोकांकडे निमुळते करत न्यायचे. गाठींवर जपून हात चालवायचा, तिथे जास्त तासले की धनुष्य तिथेच मोडते. वाकडेपणा असेल तर निखाऱ्यावर शेकून सरळ करायचा.

खरी कसोटी पुढे आहे. दोन्ही हात सारखे वाकले पाहिजेत. एक ताठ आणि एक मऊ राहिला तर सगळा भार मऊ हातावर येतो. म्हणून थोडे तासायचे, वाकवून पाहायचे, पुन्हा थोडे तासायचे. यामागचा हिशेब असा : पट्टीची जाडी दहावा भाग कमी केली तर तिचा ताठपणा दहावा भाग नव्हे, पाव हिश्श्याहून जास्त घटतो. काढलेले परत लावता येत नाही. हा हिशेब कारागिराने कागदावर कधी मांडलेला नसतो, पण त्याच्या हाताला तो ठाऊक असतो.

बांबूचीच दोरी

दोरीसाठी बांबूच्या सालीची एक पातळ, अखंड पट्टी काढतात. सूत ताणले की लांबते. ही पट्टी जवळजवळ लांबत नाही, म्हणून ओढीचा जोर वाया न जाता बाणाला मिळतो. पट्टीच्या दोन्ही टोकांना खाचा पाडून ती धाग्याने धनुष्याच्या टोकांना बांधतात. काम झाले की दोरी उतरवून ठेवायची. सतत ताणलेले धनुष्य तसेच वाकडे बसते आणि त्याचा जोर जातो. बाण बोरूचे, मागे पिसे, पुढे गावच्या लोहाराने घडवलेले लोखंडी पाते.

हे आपल्याला का सांगायचे?

'भिल्ल' हे नावच द्राविडी भाषांतील धनुष्याच्या शब्दावरून आले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. तमिळमध्ये धनुष्याला 'विल' म्हणतात. राजस्थानच्या आदिवासी घरातले लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर शिकले, तीन ऑलिंपिक खेळले आणि १९९२ साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. आजही देशातील 'इंडियन राउंड' स्पर्धा बांबू-लाकडाच्या साध्या धनुष्यावर होते. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण त्यामुळे ही विद्या टाकाऊ ठरत नाही.

ती धोक्यात येते ती बांबू मिळेनासा झाला की. इंग्रजांच्या काळापासून वन कायद्याने बांबूला झाड मानले. ज्याच्या आजोबांनी बेटातून हवा तो बांबू निवडला, त्याच्या नातवाला तोच बांबू तोडताना गुन्ह्याची भीती वाटू लागली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानून त्यावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाने देण्याचा अधिकारही मिळाला. गावाने त्या उत्पन्नाचा हिशेब ग्रामसभेत ठेवला. इतर पुष्कळ गावांचे दावे मात्र कागदांअभावी अडतात.

म्हणून माझी नम्र विनंती आहे. आपण ब्लँकेट आणि वह्या पाठवतो, त्या पाठवत राहू या. त्याबरोबरच दाव्याचे अर्ज भरायला, नकाशे काढायला, तालुक्याला जाण्याच्या भाड्याला हातभार लावणारी मदतही करू या. आणि वसतिगृहातल्या मुलाने "माझे बाबा कामठी बनवतात" असे सांगितले, तर हसू न येता "कशी बनवतात रे?" असे आपण विचारावे. जो देण्यासाठी जातो त्याने शिकण्यासाठीही बसले पाहिजे.

उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात जलप्रलयानंतर देव मेघांत आपले धनुष्य ठेवतो. मूळ इब्री भाषेत तिथे आलेला शब्द शिकारी व योद्ध्याच्या धनुष्यासाठी वापरतात तोच आहे. मारण्याचे शस्त्र तिथे कराराची खूण होते. डोंगरातल्या आपल्या बंधुभगिनींशी आपला करार काय आहे, याचा विचार या तिमाहीत आपण घरोघरी प्रार्थनेत करावा.

प्रार्थनेसाठी : वनहक्काचे दावे प्रलंबित असलेल्या गावांसाठी, जुन्या कारागिरांसाठी व त्यांच्याकडून शिकणाऱ्या मुलांसाठी, डोंगरात सेवा करणाऱ्या आपल्या सेवकांच्या कुटुंबांसाठी.