‘लोक काय म्हणतील’ मोजताना

बायकांना घराबाहेर नोकरी करू द्यावी का? रियाधमधल्या सुमारे ५०० विवाहित तरुणांना अर्थशास्त्रज्ञ लिओनार्दो बर्झ्टिन आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न निनावी विचारला. ८७ टक्के ‘हो’ म्हणाले. मात्र ‘इथे बसलेल्या ३० जणांपैकी किती जण हो म्हणतील?’ यावर बहुतेकांनी आकडा कमीच धरला. खोलीतले बरेच जण एकाच वस्तीतले, ओळखीचे; तरीही!

काहींना खरा आकडा सांगितला. मग भेटकार्ड घ्या किंवा पत्नीचं नाव नोकरी शोधून देणाऱ्या सेवेत नोंदवा, असा पर्याय ठेवला. आकडा न कळलेल्यांपैकी २३ टक्क्यांनी नोंदणी केली, कळलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी. काही महिन्यांनी त्यांच्या पत्नींचे नोकरीसाठीचे अर्ज आणि मुलाखतीही जास्त आढळल्या. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. उपक्रम आखणाऱ्या प्रत्येकानं भाषणं लिहिण्याआधी अशी मोजणी करायलाच हवी.

आकडा प्रतिकूल असेल, तर मात्र तो मिरवू नये. अ‍ॅरिझोनातल्या ‘पेट्रिफाइड फॉरेस्ट’ उद्यानात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी पाट्या बदलून पाहिल्या. ‘अनेक पर्यटक अश्मीभूत लाकूड घेऊन गेले’ या पाटीजवळचे सुमारे ८ टक्के तुकडे चोरीला गेले. ‘कृपया नेऊ नका’ या पाटीजवळचे २ टक्क्यांहून कमी.