खरं सांगावं, आणि ऐकूनही घ्यावं



आमच्या अर्विंगमध्ये थॉमस जेफर्सन पार्कात गांधीजींचा ७ फुटी ब्राँझचा पुतळा आहे. २ ऑक्टोबर २०१४ रोजी त्याचे अनावरण झाले. नातवंडे विचारतात, "आजी, हे कोण?" आपण सांगतो, "कायम खरं बोलणारे गांधीजी." ते बरोबरच आहे. पण खरे बोलणाऱ्या ह्या माणसाचे थोरल्या मुलाशी, हरिलालशी, पटले नाही. ती गोष्ट घरोघरच्या आईबापांनी ऐकण्यासारखी आहे.

आधी गांधीजींच्या लहानपणीची. पंधराएक वर्षांचे असताना त्यांनी भावाच्या कड्यातला सोन्याचा तुकडा चोरला. भावाचे २५ रुपयांचे कर्ज फेडायचे होते. मग मन खाऊ लागले. तोंडाने सांगायचा धीर होईना, म्हणून सगळे चिठ्ठीत लिहिले, शिक्षाही मागितली आणि चिठ्ठी वडिलांच्या हातात दिली. वडील भगेंद्राच्या आजाराने खाटेवर पडलेले. ते उठून बसले, वाचले, डोळ्यांतून पाणी आले, आणि चिठ्ठी फाडून टाकली. मार नाही, शिवी नाही. मुलगा पुढे जन्मभर खरे बोलला, त्यात ह्या अश्रूंचा वाटा मोठा.

आता हरिलाल. जन्म १८८८ चा. दक्षिण आफ्रिकेत बापाच्या लढ्यात तो अनेकदा तुरुंगात गेला. लोक त्याला 'छोटे गांधी' म्हणत. त्याला विलायतेस जाऊन बॅरिस्टर व्हायचे होते. शिष्यवृत्ती आली, पण ती आपल्या मुलाला द्यावी हे गांधीजींना पटले नाही. ती दुसऱ्यांना मिळाली. न्याय म्हणून ते बरोबर असेल, पण पोराच्या मनात काटा रुतला. १९११ साली त्याने घर सोडले. १९१५ साली त्याने वडिलांना पत्र लिहिले आणि तेही छापून. घरात बोलता आले नाही, ते छापावे लागले. बघा, केवढा दुरावा!

१९१८ च्या इन्फ्लुएंझात बायको गेली. मग दारू, कर्ज. १९२५ साली त्याच्या कंपनीत पैसे गुंतवलेल्या एका माणसाची तक्रार आली, तेव्हा गांधीजींनी 'यंग इंडिया'त उघड लिहिले की, होय, हा माझा मुलगा, पण त्याचे नि माझे मार्ग वेगळे, माझ्या नावावर जाऊ नका. लोकांशी हा प्रामाणिकपणाच. बाप-लेकातले अंतर मात्र त्याने मिटले नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा शेवटच्या आजारात होत्या, तेव्हा हरिलाल दारूच्या नशेत भेटायला आला. त्या माऊलीने कपाळ बडवून घेतले. गांधीजींच्या हत्येनंतर पाच महिन्यांनी, जून १९४८ मध्ये, मुंबईत शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात तोही गेला.

चूक कोणाची, हा निवाडा मी करत नाही. पण खरे सांगणे आणि खरे ऐकून घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. करमचंदांनी ऐकून घेतले, म्हणून पोराने सांगितले.

मी नर्स होते. पेशंटला किती दारू लागते असे विचारले की घरचे म्हणत, "कधीतरी घेतात." मागे उभे असलेले पोर जमिनीकडे बघे. त्याला सगळे ठाऊक असते! ही झाकाझाक जिवावर बेतते. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली की एक-दोन दिवसांत हात थरथरतात, भ्रम होतो, फिटही येते. आधी कळले तर डॉक्टर औषध देऊ शकतात. दहा आज्ञांत आईबापांचा मान राख म्हटले आहे, पण मान राखणे म्हणजे बाटली लपवणे नव्हे.

मुलांनो, घरात कोणी पीत असेल, भांडत असेल, तर तो तुमचा दोष नाही. आजी, मावशी, शाळेतल्या बाई, ज्यांच्यावर विश्वास असेल त्यांना सांगा. ही चहाडी नव्हे. इथे अमेरिकेत अशा घरांतल्या मुलांसाठी 'अ‍ॅलाटीन' १९५७ सालापासून आहे. तिथे पोरे एकमेकांशी मोकळेपणी बोलतात. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' काढले. तिथे पिणाऱ्याबरोबर घरच्यांशीही बोलतात, कारण आजार एकाला, पण पोळते सगळ्या घराला.

आणि आजी-आजोबांनो, पोर कबुली द्यायला आले तर "मला माहीतच होतं!" हे वाक्य गिळा. चहा ठेवा, जवळ बसा, पुरते ऐका. रागवायचे असेल तर उद्या रागवा. आज मात्र त्याला एवढेच सांगा, "बरं केलंस सांगितलंस."