धबधबा दिवाळीला का आटतो? डबा कापून पाहा

श्रावणात भीमाशंकरच्या वाटेने गेलात तर कड्याकड्यावरून पाणी कोसळताना दिसते. दिवाळीनंतर त्याच वाटेने जा, बहुतेक ठिकाणी खडकावर नुसता काळा पट्टा उरलेला असतो. पाऊस थांबला म्हणून धबधबा थांबला, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे. पावसानंतरचे पाणी डोंगर देतो, आणि ते किती दिवस द्यायचे हे त्याच्या अंगावरच्या माती-मुरमावर ठरते.

हे बैठकांत मी तोंडाने पुष्कळदा सांगितले. माना हलल्या, पटले कुणालाच नाही. म्हणून आता डबेच घेऊन जातो.

तेलाचे १५ किलोचे दोन रिकामे डबे आडवे ठेवून वरची बाजू कापा. पुढच्या बाजूला तळापर्यंत बोटभर खाच पाडा, आतून गोणपाटाचा तुकडा लावा. तळाला शाडू थापा. हा आपला काळा पाषाण. (खऱ्या पाषाणाला भेगा असतात, तेवढे सोडून द्या.) एका डब्यात त्यावर चार बोटे मुरूम, दोन बोटे माती आणि वर हरळीची ढेकळे. दुसऱ्यात नुसती बोटभर माती. मागून एकेक वीट लावा, खाचेखाली काचेचा ग्लास ठेवा.

आता झारीने जूनचा एकेक तांब्या घाला. उघड्या डब्यातून लगेच गढूळ पाणी येते, गवताच्या डब्यातून जवळजवळ काहीच नाही. "साहेब, तुमचा डबा तुंबला!" म्हणून लोक हसतात. हसू द्या. जुलै-ऑगस्टचे दोन-दोन तांबे पडले की दोन्ही वाहू लागतात. सप्टेंबरला अर्धा तांब्या, आणि झारी खाली ठेवा. उघडा डबा चहा येईपर्यंत थांबतो. दुसरा चहा पिऊन झाला तरी टपकत राहतो, तेही नितळ.

डबा फार उभा करू नका, भिजलेली माती एकदम खाली येते. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातील माळीणवर डोंगर आला, ते आपण विसरलेलो नाही. तीव्र उतारावर चर खोदण्याआधी जाणकाराला दाखवा.

खरी गंमत तिसऱ्या फेरीत. गवताच्या डब्यातला मुरूम खुरप्याने काढून घ्या, माती आणि हरळी पुन्हा शाडूवर बसवा. तेवढेच पाणी, त्याच क्रमाने घाला. गवत हिरवेच आहे, पण टपकणे फार लवकर थांबते. मुरूम उचलल्यावर वर झाडे लावून ती भरपाई होत नाही.

चाकण भागात कारखाने, गोदामे, रस्ते उभे राहायचे तर भरावाला मुरूम लागणारच. पण ओढ्याला आणि ओढ्याकाठच्या विहिरींना पावसाळ्यानंतर पाझर येतो तो याच थरातून, आणि रब्बी कांद्याची शेवटची पाणी त्याच विहिरींवर निघतात. मुरमाचा विषय ग्रामसभेत आला की सरपंच, ग्रामसेवकांनी विचारावे: कुठला डोंगर, किती खोल, खाली कुणाच्या विहिरी?

घाटमाथ्याचे उघडे कडे उन्हाळ्यात वाहतील, असे मात्र मी सांगणार नाही. तिथे मुळात धरायला मातीच नाही. आपला सवाल गावच्या ओढ्याचा.

मुरूम आपल्याच डोंगराचा घ्या, विकतचा नको. झारी नसली तर पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोके पाडा, तरी चालते.