नवी प्रणाली बसवण्यापूर्वी

भिवंडीजवळच्या कशेळीतील गोदामांचा जमाखर्च आता लाल चोपड्यापेक्षा संगणकातच अधिक असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ला मिळणारे सर्वसाधारण पाठबळ संपले आणि अनेक पेढ्यांना नव्या प्रणालीचा विचार करणे भाग पडले.

जोखीम नेमकी याच वेळी असते. डिस्कचा जो भाग ‘फॉरमॅट’ होतो, त्यातील सारे पुसले जाते. हिशेबही बहुधा त्याच ‘सी’ ड्राइव्हमध्ये असतो. जुन्यावरच नवे चढवणेही सर्वस्वी निर्धोक नव्हे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोजच्या एका अद्यतनाने काहींच्या फायली नाहीशा झाल्या आणि मायक्रोसॉफ्टला त्याचे वितरण थांबवावे लागले.

म्हणून आधी टॅलीचा बॅकअप बाहेरील हार्ड डिस्कवर घ्यावा. दुसरी प्रत पेढीबाहेर ठेवावी. ती दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटची नोंद व शिल्लक ताडून पाहावी. मग डिस्क काढून घ्यावी आणि त्यानंतरच संगणक तंत्रज्ञाच्या स्वाधीन करावा.

जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो. दिवाळीत चोपडा पूजणाऱ्या घराला त्याचे मोल वेगळे सांगायला नको.