मधुमेहात आहार कसा निवडावा? भाकरी कोणती यापेक्षा भाकरी किती, हे आधी ठरवा

मधुमेह हा शहरातल्या, बसून काम करणाऱ्या माणसांचा आजार आहे, असा समज आजही अनेक गावांत आहे. प्रत्यक्षात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब सर्वेक्षणाचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यात ग्रामीण भागातील लोकही मोठ्या संख्येने आहेत.

नेवासा तालुक्यातील घोडेगाव, सोनई, चांदा या पट्ट्यात मुळा धरणाच्या पाण्यावर ऊस, कांदा, गहू ही पिके उभी असतात. बाजरी, रब्बी ज्वारी आणि हरभरा ही इथली जुनी पिके. म्हणजे मधुमेहात लागणारे बहुतेक अन्न शिवारातच पिकते. तरीही साखर निघाल्यावर नेमके काय खावे, याबाबत गोंधळ होतो. कोणी दोन वेळा जेवायला सांगते, कोणी दर दोन तासांनी, कोणी गहू बंद करायला सांगते. यातून आपल्या शरीराला, औषधांना आणि कामाला जुळणारी पद्धत कशी निवडायची, ते या लेखात पाहू.

आधी तपासणी, मग आहार

माती परीक्षण न करता खताचा डोस ठरवत नाहीत. तसेच इथे आहे. आहार बदलण्यापूर्वी पुढील आकडे लिहून ठेवा.

• उपाशीपोटी साखर: १०० पेक्षा कमी असल्यास सामान्य, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. निदान पक्के करण्यासाठी डॉक्टर सहसा तपासणी पुन्हा करतात.
• एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर: ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह.
• कंबरेचा घेर: पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असल्यास धोका वाढतो.
• वजन, रक्तदाब आणि मूत्रपिंडाची तपासणी.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची साखर व रक्तदाब तपासणी शासकीय आरोग्य उपकेंद्रात मोफत होते. आशाताईंकडे चौकशी करावी.

"मी तर सडपातळ आहे, मला कशी साखर होईल?" हा प्रश्न नेहमी येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि मुलांचा अभ्यास केला. वजनाने कमी दिसणाऱ्या भारतीय शरीरातही स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, हे त्यांच्या कामातून पुढे आले. त्यामुळे अंगकाठीवरून अंदाज बांधू नये.

धान्य बदलले म्हणजे काम झाले का?

"चपाती सोडली, आता ज्वारीचीच भाकरी खातो, तरी साखर उतरत नाही," ही तक्रार नेहमीची आहे. कारण समजण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेले अन्नघटकांचे तक्ते पाहू. १०० ग्रॅममध्ये पिष्टमय पदार्थ असे असतात:

• ज्वारी: सुमारे ६८ ग्रॅम
• गव्हाचे पीठ (कोंड्यासह): सुमारे ६४ ग्रॅम
• बाजरी: सुमारे ६२ ग्रॅम
• पांढरा तांदूळ: सुमारे ७८ ग्रॅम
• अख्खा हरभरा: सुमारे ४० ग्रॅम, सोबत प्रथिने सुमारे १९ ग्रॅम आणि तंतुमय पदार्थ सुमारे २५ ग्रॅम

पिष्टमय पदार्थांची पोटात साखरच होते. ज्वारी, बाजरी आणि गहू यांत फार अंतर नाही. खरे अंतर आहे ते धान्य आणि कडधान्य यांत.

आता घरचा हिशेब करा. एका भाकरीला ८० ग्रॅम पीठ लागते असे धरू. एका जेवणात ज्वारीच्या तीन भाकरी म्हणजे २४० ग्रॅम पीठ, म्हणजे सुमारे १६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ. दीड भाकरी खाल्ली, तर तोच आकडा ८० च्या आसपास येतो. गव्हाऐवजी ज्वारी घेऊन असा फरक पडत नाही. तुमच्या घरची भाकरी किती ग्रॅमची आहे, हे एकदा काट्यावर पीठ ठेवून नक्की मोजा.

इंडियाब सर्वेक्षणाचा आहारावरील भाग २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भारतीय माणसाची सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, असे त्यात दिसले. एकूण प्रमाण तेच ठेवून फक्त धान्य बदलले, तर मधुमेहाचा धोका कमी दिसला नाही. धान्याचा थोडा वाटा कमी करून त्या जागी डाळी-कडधान्ये, दूध-दही, अंडी, मासे यांतील प्रथिने आली, तेव्हा धोका कमी दिसला.

ज्वारी-बाजरी जरूर खावी. त्यांत तंतू आहेत, बाजरीत लोह चांगले आहे. मात्र संख्या मोजून खावी. हुरडा हेही धान्यच आहे. हुरडा खाल्ला, तर त्या जेवणातील भाकरी वजा करावी.

चार पद्धती आणि त्या कोणाला चालतील

१. ताटाची पद्धत. अर्धे ताट पालेभाजी, फळभाजी, कोशिंबीर. पाव ताट उसळ, घट्ट वरण, अंडी, मासे किंवा पनीर. उरलेल्या पाव ताटात भाकरी, चपाती किंवा भात. बटाटा, रताळे यांची गणना धान्यात करावी. ही पद्धत बहुतेकांना चालते, वेगळा स्वयंपाक लागत नाही आणि घरातील सर्वांना हेच ताट चालते. नवीन निदान झालेल्यांनी इथून सुरुवात करावी.

२. दोन वेळा जेवणे. महाराष्ट्रात ही पद्धत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे घरोघरी पोहोचली. दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवायचे आणि रोज ४५ मिनिटे चालायचे, असा तिचा गाभा आहे. वजन जास्त असलेल्या आणि सारखे चहा-बिस्किट, फरसाण तोंडात टाकण्याची सवय असलेल्यांना शिस्त लागते. मात्र दोन जेवणांत चार-चार भाकरी खाल्ल्या, तर फायदा निघून जातो. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणारी गोळी चालू असलेल्यांनी ही पद्धत परस्पर सुरू करू नये.

३. पिष्टमय पदार्थ खूप कमी करणे. भाकरी-भात जवळपास बंद आणि अंडी, पनीर, शेंगदाणे, भाज्यांवर भर. साखर लवकर खाली येते, पण शेतकरी घरात हे वर्षभर टिकवणे अवघड असते. औषधांचा डोस कमी करावा लागू शकतो, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नको. मूत्रपिंडाचा त्रास असल्यास प्रथिने किती घ्यावीत, हेही त्यांनाच विचारावे.

४. काही महिने अतिशय कमी उष्मांकाचा आहार. ब्रिटनमधील 'डायरेक्ट' या अभ्यासात दिवसाला साधारण ८५० उष्मांकांचा आहार तीन ते पाच महिने दिला गेला. एका वर्षानंतर जवळपास निम्म्या रुग्णांची साखर औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. पण हे रुग्ण वजनाने जास्त होते, त्यांचा आजार सहा वर्षांच्या आतला होता, ते इन्सुलिनवर नव्हते आणि सर्व काही वैद्यकीय देखरेखीखाली झाले. ऊसतोडणी किंवा कांदा काढणीच्या कष्टात हा प्रयोग घरी करू नये.

वजन आधीच कमी असलेल्यांनी नुसती भाकरी कमी करून उपाशी राहू नये. तेवढी ऊर्जा उसळ, शेंगदाणे, दूध, अंडी यांतून भरून काढावी. गरोदर महिला, लहान मुले आणि पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्यांचा आहार डॉक्टर व आहारतज्ज्ञांनीच ठरवावा.

औषध चालू असेल तर ही काळजी घ्या

आहार कमी केला आणि औषध तेच राहिले, तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. रिकाम्या पोटी ट्रॅक्टर चालवताना किंवा विहिरीच्या काठावर हे घडले, तर जीवावर बेतू शकते.

• ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या आणि इन्सुलिन यांमुळे साखर एकदम उतरू शकते. एकट्या मेटफॉर्मिनने हा धोका फार कमी असतो.
• डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असताना कडक उपवास किंवा भाकरी-भात पूर्ण बंद करणे धोक्याचे आहे. रक्तात आम्ल वाढू शकते.
• थरथर, दरदरून घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. साखर ७० च्या खाली असल्यास तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये, तातडीने दवाखान्यात न्यावे.
• गोळी स्वतःहून बंद करू नये. खिशात औषधांची चिठ्ठी आणि साखरेची पुडी ठेवावी.

आपल्या शेतातून ताटात

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २००० उष्मांकांच्या रोजच्या आहारात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि दूध ३०० मिलिलिटर असावे. जड कष्ट करणाऱ्यांना यापेक्षा जास्त ऊर्जा लागते, पण प्रमाणाचा अंदाज यातून येतो.

पाच माणसांच्या घराला या हिशेबाने वर्षाला सुमारे १५५ किलो डाळी-कडधान्ये लागतात. बागायती हरभऱ्याचे उत्पादन एकरी ८ क्विंटल धरले, तरी १० गुंठ्यांतून २ क्विंटल हरभरा मिळतो. महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरीचे दिग्विजय, विजय, फुले विक्रम हे वाण या भागात उपलब्ध आहेत. सगळा हरभरा बाजारात न नेता घराचा वाटा आधी बाजूला काढावा. खरिपात मटकी, मूग, हुलगा यांच्या दोन-चार ओळी लावल्या, तर उसळीत बदल राहतो.

भाजीसाठी विहिरीजवळ अर्धा ते एक गुंठा परसबाग पुरेशी आहे. मेथी, पालक, तांदुळजा, गवार, दोडका, कारले, वांगी आणि बांधावर दोन शेवग्याची झाडे असावीत. कांदा ताटात कच्चा जरूर घ्यावा, पण कांद्याने किंवा कारल्याच्या रसाने मधुमेह बरा होतो, हे खरे मानून औषध सोडू नये.

जिथे पथ्य मोडते त्या जागा

• चहा: दिवसाला पाच कप आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर म्हणजे रोज सुमारे ५० ग्रॅम, महिन्याला दीड किलो साखर. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेल्यास जिभेला सवय होते.
• गूळ: गुळातही बहुतांश साखरच असते. सेंद्रिय गूळही चालत नाही. ग्लासभर उसाच्या रसात पाच-सहा चमचे साखर असते.
• बाजाराचा दिवस: घोडेगावच्या बाजारात कांद्याच्या लिलावाला नंबर लागेपर्यंत दुपार होते. वडापाव-भजी टाळण्यासाठी एक भाकरी, मटकीची उसळ, काकडी आणि मूठभर शेंगदाणे डब्यात न्यावेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये.
• उपवास: साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्याऐवजी भगर थोडी, सोबत शेंगदाण्याची आमटी, दही, राजगिऱ्याची भाजी घ्यावी. कडक उपवास डॉक्टरांना विचारूनच करावा.

निवडलेला आहार लागू पडतो का, हे कसे कळेल?

ग्लुकोमीटर असल्यास जेवणापूर्वी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी साखर मोजा. दोन दिवस नेहमीचे जेवण, पुढचे दोन दिवस निम्मी भाकरी आणि दुप्पट उसळ-भाजी. चारही दिवसांचे आकडे वहीत लिहा. बहुतेक प्रौढ रुग्णांसाठी उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत आणि एचबीएवनसी ७ च्या आत हे उद्दिष्ट असते. वृद्धांसाठी डॉक्टर ते थोडे सैल ठेवतात.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा. आकडा उतरला, अशक्तपणा नाही आणि घरात रोज तेच ताट शिजते आहे, तर तुमची निवड बरोबर आहे. उतरला नाही, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. भाकरी, चहा आणि औषध यांपैकी कुठे बदल हवा, हे वहीवरून ठरवणे सोपे जाते.

कृषी सहाय्यक व विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतकरी गट किंवा महिला बचत गटाच्या बैठकीत भाकरीचे पीठ प्रत्यक्ष वजन करून दाखवावे. नुसत्या व्याख्यानापेक्षा ते लवकर पटते. रब्बीचे नियोजन सांगताना घरच्या कडधान्यासाठी क्षेत्र राखून ठेवण्याचा मुद्दा जोडावा. ज्वारी-बाजरीचा प्रचार करताना 'मधुमेह बरा करणारे धान्य' असे म्हणू नये. औषधाबद्दल सल्ला देऊ नये, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवावे. अनवाणी पाणी भरणाऱ्या मधुमेही शेतकऱ्यांना गमबूट वापरायला आणि रोज रात्री तळपाय पाहायला सांगावे. पायाची संवेदना कमी झाली असल्यास काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते.