पिवळ्या पट्ट्यांच्या पलीकडचा जपान

योकोहामा, जुलै

बीडकडचे पाहुणे इकडे आले की रेल्वे स्टेशनवर हमखास थबकतात. व्हीलचेअरवरचा प्रवासी दिसला की कर्मचारी घडीची फळी घेऊन येतो, डब्याच्या दाराशी टाकतो आणि प्रवासी कुठं उतरणार ते त्या स्टेशनला कळवतो. तिथं दुसरा कर्मचारी फळी घेऊन तयार असतो. अंधांना वाट दाखवणाऱ्या पिवळ्या पट्ट्याही याच देशातल्या. 1967 साली ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. पाहुणे व्हिडिओ काढतात आणि म्हणतात, "अपंगांनी जगावं तर इथं." मग कुणीतरी पुढं म्हणतं, "आपल्या जिल्ह्यातही अशांसाठी एक मोठं केंद्र हवं. गावाबाहेर, शांत जागी."

त्यावर मला गप्प बसवत नाही. अगदी तशी जागा इथं होती. याच कानागावा प्रांतात, सागामिहारा शहराच्या डोंगराळ टोकाला, त्सुकुई यामायुरी-एन नावाची. प्रांतिक सरकारची, स्वच्छ, नोंदी चोख. 26 जुलै 2016 च्या पहाटे तिथलाच एक माजी कर्मचारी खिडकीची काच फोडून आत शिरला. रात्रपाळीच्या लोकांना धरून तो खोल्याखोल्यांतून फिरला. खाटेपाशी त्यांना विचारायचा, याला बोलता येतं का? नाही म्हटलं की सुरा. 19 जण मेले, 26 जखमी झाले. अपंगांना मारून टाकावं असं पत्र त्यानं फेब्रुवारीतच संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षांच्या निवासस्थानी नेऊन दिलं होतं. त्याला इस्पितळात दाखल केलं आणि दोनेक आठवड्यांत सोडलंही.

त्यानंतर जे झालं ते मला आजही पचत नाही. पोलिसांनी मेलेल्यांची नावं जाहीर केली नाहीत. घरच्यांचीच तशी इच्छा होती. 2020 साली योकोहामाच्या न्यायालयात खटला चालला, तेव्हाही बहुतेकांचा उल्लेख नुसत्या अक्षरांनी झाला आणि नातेवाईक पडद्याआड बसले. एका आईनं तेवढं आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीचं नाव खटल्याआधी सांगितलं. ती अक्षर नव्हती, माणूस होती, म्हणून. आरोपीला मार्चमध्ये फाशीची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी स्मारक उभं राहिलं, त्यावर सुरुवातीला एकोणिसांपैकी सातच नावं कोरली गेली. घरात असं मूल आहे हे कळलं तर लोक काय म्हणतील, ही धास्ती मेल्यावरही सुटली नाही. भावंडांची लग्नं अडतील म्हणून मागच्या खोलीत ठेवलेली माणसं धारूर-पाटोद्याकडं मीही पाहिली आहेत, म्हणून ही धास्ती मला परकी वाटली नाही.

ती एका दिवसात उगवलेलीही नाही. 1948 पासून 1996 पर्यंत या देशात अपंगांची नसबंदी करण्याचा कायदा होता. सुमारे पंचवीस हजार जणांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या साडेसोळा हजारांच्या आसपास संमतीशिवाय. सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा घटनाबाह्य ठरवायला 3 जुलै 2024 उजाडला. हे वाचून ज्यांना जपानचा राग येईल त्यांनी 1994 आठवावं. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससूनमध्ये काढली गेली, कारण काय, तर पाळीच्या दिवसांत त्यांची स्वच्छता कोण ठेवणार! लोकांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. आणि 2011 साली पनवेलजवळच्या निवासी संस्थेतल्या मुलींवरचे अत्याचार उघड झाले. तीही संस्था लोकांच्या नजरेआडचीच होती.

मी राहतो त्या भागात मध्यंतरी पाच-सहा मतिमंद प्रौढांसाठी साधं घर निघणार होतं. विरोधाची पत्रकं घरोघर आली, चांगल्या कागदावर, अत्यंत सभ्य भाषेत. आमच्या गावात असलं पत्रक कधी निघणार नाही. तिथं असा माणूस पारावरच बसलेला असतो, चार घरची भाकरी खातो. पण तिथंच त्याला कुणीही टपली मारतं, पोरं खडे मारतात, मोठी माणसं त्याला नाचायला लावतात आणि हसतात.

गावाकडं आमच्या शेजारचं एक पोरगं असंच. आईबाप ऊसतोडीला, कोयत्यावर. मुकादमाची उचल घेतलेली, कारखाना लागला की टोळीबरोबर जायलाच हवं. हंगामी वसतिगृहात त्याला घेतलं नाही. सांभाळणार कोण, म्हणाले. आजीला दिसत नाही, आणि दारापासून विहीर जवळ. म्हणून आई जाताना त्याला ओसरीच्या खांबाला जुन्या लुगड्यानं बांधून जायची. घोट्यावर वळ, त्यावर माश्या. गाव त्या आईला निर्दयी म्हणायचं. तिच्या हाती दुसरं काय होतं, हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

असं काही दिसलं तर काय करायचं, या बाबतीत जपानचा हेवा वाटतो. 2012 पासून लागू झालेल्या कायद्यानं, अपंगाचा छळ होताना दिसला तर नगरपालिकेला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. घरात असो, संस्थेत असो की कामाच्या ठिकाणी. दरवर्षी आकडे छापले जातात. अपंगांच्या हक्कांचा आपला 2016 चा कायदाही लेचापेचा नाही. कलम 7 प्रमाणे कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडं, म्हणजे आपल्या तहसीलदाराकडं, माहिती देऊ शकतं. कलम 92 प्रमाणे अपंगाला चारचौघांत मुद्दाम अपमानित करणं हा गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. पारावरच्या किती जणांना हे माहीत आहे? सरपंचाला तरी? महाराष्ट्रानं 2022 मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. ग्रामपंचायतीच्या चावडीवर ही दोन कलमं ठळक अक्षरांत लावायला त्या विभागाला फार खर्च येणार नाही.

सागामिहाराच्या हल्ल्यात जखमी झालेला एक जण आता संस्थेत राहत नाही. त्याच्या आईवडिलांनी पहिल्यापासून स्वतःची नावं लपवली नाहीत. तो भाड्याच्या घरात राहतो, मदतनीस पाळीपाळीनं येतात, त्यांचा पगार सरकारी योजनेतून निघतो. बीडच्या मित्रांनी व्हिडिओ काढायचा तर या घराचा काढावा. आपल्या कायद्यातही जास्त आधार लागणाऱ्यांच्या काळजीवाहकासाठी भत्त्याची तरतूद आहे. दसऱ्यानंतर टोळ्या निघायच्या आत ग्रामसेवकानं आणि आशाताईंनी अशा घरांची यादी करावी, आणि तो भत्ता उचलीआधी हातात पडावा.

त्या आईला मी फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "शेजारची मावशी बसंल की त्याच्यापाशी. पर तिलाबी रोज बुडवून कसं परवडंल? तिचा रोज कोण देणार, तेवढं इचारून सांगा."