चंद्राचा फोटो पौर्णिमेला नको!

कोजागरीला मसाला दूध पिऊन झालं की घरोघरी मोबाइल बाहेर येतात. गच्चीवर दुर्बीण असेल तर विचारूच नका! पण दोस्तांनो, फोटोत उमटतो नुसता पांढरा पापड. कारण त्या रात्री चंद्रावर ऊन अगदी समोरून पडतं. सावल्या आपल्याला दिसत नाहीत, आणि सावली नसली की खड्डा काय नि डोंगर काय, सगळं सपाट! (टायको विवरातून फुटलेले पांढरे पट्टे मात्र पौर्णिमेलाच झकास दिसतात, बरं का.)

त्यापेक्षा शुद्ध अष्टमी गाठा. संध्याकाळी अर्धा चंद्र छान उंचावर असतो. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर दुर्बीण लावा. तिथे आत्ता कुठे सूर्य उगवतोय, त्यामुळे लहानशा कड्याचीही लांबलचक सावली पडते. मध्याच्या जरा दक्षिणेला टॉलेमीअस, अल्फॉन्सस आणि आर्झाचेल ही विवरं ओळीने दिसतील. त्यांतलं टॉलेमीअस सुमारे १५० किलोमीटर रुंद आहे, म्हणजे साधारण मुंबई-पुणे रस्त्याएवढं! दशमीच्या सुमारास कोपर्निकस उजळतं.

आता फोटो. मोबाइल दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगासमोर धरा. पडद्यावर चंद्रावर बोट टेकवून उजेड कमी करा. आपल्याकडे रात्र असली तरी चंद्राच्या त्या भागात लख्ख दिवस आहे. सेकंदाचा शंभरावा भागही पुरतो. बटण दाबताना दुर्बीण हलते, म्हणून टायमर लावा. हवाही लहरत असते, तेव्हा वीस-पंचवीस फोटो काढा आणि सर्वांत स्पष्ट तेवढा ठेवा. न्यूयॉर्कला जॉन ड्रेपर यांनी १८४० मध्ये चंद्राचा फोटो घेतला, तेव्हा त्यांना २० मिनिटं लागली होती!

फोटोत अंधाऱ्या बाजूला सुटे चमकते ठिपके दिसले तर मोबाइल बिघडला असं समजू नका. ती पर्वतांची शिखरं! पायथ्याशी अजून रात्र, माथ्यावर ऊन, आपल्या सह्याद्रीत पहाटे दिसतं ना, अगदी तसंच. दोन तासांनी पुन्हा फोटो घ्या, ठिपका वाढलेला असेल. गॅलिलिओने हेच पाहून चंद्रावर डोंगर असल्याचं ओळखलं आणि १६१० मध्ये पुस्तकात छापलं. कॅमेरा नव्हता, त्याने चित्रं काढली.

‘चांद्रयान-३’चं विक्रम यान दिसेल का? छे! चार इंची दुर्बिणीला दोन किलोमीटरचं विवर दिसतानाही मारामार. पण ते २०२३ मध्ये उतरलं तो दक्षिणेचा भाग मात्र तुमच्या फोटोत नक्की येईल.